इंग्रजी कळतं, पण तोंड उघडत नाही

या वेळची बरीच पत्रं एकाच तक्रारीची आहेत. पत्ते नाशिक परिसरातले, पण वेगवेगळे: अंबड, इंदिरानगर, सीबीएस बसस्थानकाजवळची अभ्यासिका, थेट पिंपळगाव बसवंतपर्यंत. दुखणं एक असलं तरी सगळ्यांना एकच पुडी बांधून देणार नाही. सातपूरच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात माझी नोकरी झाली. आता संध्याकाळी घरी काही मंडळी इंग्रजी बोलायला येतात. आधी आपल्या कामाचं इंग्रजी, मग जगाचं, हे माझं जुनं मत आहे आणि खालच्या सगळ्या उत्तरांत ते डोकावणार आहे.

प्रश्न : मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. शाळा मराठी माध्यमाची, नंतर डिप्लोमा. ई-मेल लिहितो, ड्रॉइंग वाचतो, ऑडिओ कॉल ऐकून समजतो. पण कस्टमरचं ऑडिट लागलं की दातखीळ बसते. मागच्या वेळी पाहुण्यांनी प्रश्न मला विचारला आणि उत्तर माझ्या ज्युनिअरनं दिलं. साहेबांच्या लक्षात आलंच. शब्दसंग्रह कसा वाढवू?
— एक क्वालिटी इंजिनिअर, अंबड

उत्तर : तुम्ही सध्या शब्दसंग्रह वाढवू नका. आहे तो खर्च करायला शिका.

तुमच्या लाइनवर दिवसभर काय बोललं जातं ते आठवा. ‘इन्सर्ट झिजलाय, बर येतेय, गेजमध्ये जात नाही, लॉट होल्डवर टाक, रिवर्क होईल का बघ.’ (इन्सर्ट म्हणजे मशीनच्या हत्याराचं कापणारं पातं, बर म्हणजे कापल्यावर कडेला राहणारं धातूचं कुसळ, गेज म्हणजे माप तपासायचं साधन.) यातली नामं काढली तर बहुतेक इंग्रजीच निघतील. म्हणजे जे शब्द बाहेरच्या माणसाला जड जातील ते तुमच्या तोंडात आधीच आहेत. अडतं ते त्यांना जोडणाऱ्या साध्या क्रियापदांपाशी, आणि ती तर तुम्ही पाचवी-सहावीत शिकलात. वाचून कळणारे शब्द आणि बोलताना वेळेवर आठवणारे शब्द यांची कोठारं वेगळी असतात. पहिलं कोठार प्रत्येकाचंच मोठं असतं, इंग्रज माणसाचंसुद्धा. दुसरं भरायचं तर शब्द तोंडातून बाहेर काढावे लागतात, कितीही वाचलं तरी ते आपोआप भरत नाही. कॅनडात मेरिल स्वेन यांनी फ्रेंचमधून शाळा शिकणारी इंग्रजी मुलं पाहिली. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून त्यांना ती कळायची उत्तम, पण बोलण्यात मात्र ती कच्ची राहिली. ऐकण्याबरोबर बोलायलाही लागलं पाहिजे, हे त्यांनी १९८५ साली मांडलं. आपल्याकडची गत यापेक्षा वेगळी नाही, फक्त आपल्याला शाळेत इंग्रजी ऐकायलाही फारसं मिळालं नव्हतं.

आता घोडं नेमकं कुठे अडतं ते सांगते. मराठीत आपण सगळा पसारा आधी मांडतो आणि क्रियापद शेवटी ठेवतो. ‘काल दुसऱ्या शिफ्टला तीन नंबरच्या मशीनवर आतल्या कडेला बर आल्यामुळे पाच जॉब रिजेक्ट झाले.’ हे वाक्य डोक्यात असं तयार होतं आणि मग तुम्ही ते उचलून इंग्रजीत ठेवायला जाता. शेवटचं क्रियापद पुढे आणायचं, ‘मुळे’ कुठेतरी बसवायचं, शिफ्ट आधी की मशीन आधी ते ठरवायचं. तेवढ्यात ज्युनिअर बोलून मोकळा होतो. म्हणून वाक्य फोडा. कुणी काय केलं ते आधी, बाकीचं मागून तुकड्या-तुकड्यानं: ‘वी रिजेक्टेड फाइव्ह पीसेस. यस्टरडे, सेकंड शिफ्ट. मशीन नंबर थ्री. देअर वॉज अ बर ऑन द इनर एज.’ बोलण्यात हे चालतं. ऑडिटर मान डोलावतो आणि लिहून घेतो, त्याला निबंध नको असतो.

माझ्याकडे सातपूरचा एक सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर यायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘मॅडम, मला काहीच येत नाही.’ मी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, तुझ्या मशीनवर बनतो त्या बुशचं, म्हणजे त्या पोकळ नळकांड्यासारख्या भागाचं, चित्र काढ. त्यानं ते झकास काढलं, माप टाकलं, टॉलरन्ससुद्धा टाकला, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल तेही. मग म्हटलं, यात मागच्या आठवड्यात काय बिघडलं ते सांग, अडशील तिथे मराठी घाल. ‘द इन्सर्ट वॉज... झिजला. सो बर केम. आय स्टॉप द मशीन.’ एवढंच बोलला. मी काही दुरुस्त केलं नाही, फक्त ‘वॉर्न आउट’ हे दोन शब्द दिले आणि परत सांगायला लावलं. दुसऱ्या खेपेला वाक्यं लांबली. तिसऱ्या खेपेला त्यानं स्वतःहून सांगितलं की पुढचे पाच पीस तपासले आणि मगच मशीन चालू केलं. व्याकरण लंगडंच होतं, पण ऐकणाऱ्याला काय घडलं ते पूर्ण कळत होतं. तो आता त्याच्या शॉपमध्ये नव्या मुलांना ट्रेनिंग देतो.

एकच गोष्ट परत परत सांगण्याला शास्त्रशुद्ध नावही आहे, ‘चार-तीन-दोन’. एकाच विषयावर एका माणसाशी चार मिनिटं बोलायचं, तेच दुसऱ्याला तीन मिनिटांत सांगायचं, तेच तिसऱ्याला दोन मिनिटांत. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी १९८९ साली याबद्दल लिहिलं. मजकूर तोच असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत डोकं ‘काय बोलू’मधून सुटतं आणि जीभ मोकळी होते. तुम्हाला तीन माणसं मिळणार नाहीत, तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. कंपनीच्या बसमध्ये मात्र नको, लोक चेष्टा करतात आणि उत्साह मावळतो.

पुढच्या ऑडिटच्या आधी हे करा. मागच्या ऑडिटमधले प्रश्न आठवून लिहून काढा. ते दरवेळी साधारण तेच असतात: गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं, रिजेक्ट माल कुठे ठेवता, ऑपरेटरला हे काम कुणी शिकवलं, मागच्या तक्रारीवर काय केलं. प्रत्येकाचं उत्तर तीन छोट्या वाक्यांत, मोठ्यानं, चार-तीन-दोनसारखं तीनदा, दर वेळी कमी वेळात. पाठ करू नका. पाठ केलेलं एका शब्दानं अडलं की सगळंच बंद पडतं. आणि प्रश्न कळलाच नाही तर गप्प उभं राहायचं नाही. ‘सॉरी, डू यू मीन द गेज ऑर द पार्ट?’ असा उलट प्रश्न करायचा. ऑडिटरला तुम्ही गोंधळलेले वाटणार नाही, नीट काम करणारे वाटाल.

एक बारकी गोष्ट राहिली. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ असं तुमच्या पत्रातही आहे. ते ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’ असं हवं. ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण येतो, वर्ष किंवा महिना, ‘फॉर’नंतर किती काळ ते येतं. हे एवढं सुधारा, बाकी चुका सध्या राहू द्या.

प्रश्न : मी बँकेच्या परीक्षांची तयारी करतेय. रोज इंग्रजी पेपरमधून दहा नवे शब्द वहीत उतरवते, समोर मराठी अर्थ. तिसरी वही भरत आली. पण चार दिवसांनी मागची पानं उलटली की निम्मे शब्द अनोळखी वाटतात. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?
— एक विद्यार्थिनी, सीबीएसजवळची अभ्यासिका

उत्तर : तुझी स्मरणशक्ती धडधाकट आहे, बाळ. वहीची पद्धत चुकीची आहे. वहीतले शब्द म्हणजे माळ्यावर ठेवलेली पितळेची भांडी, वर्षातून एकदा घासायला काढली की तीच का आपली असा प्रश्न पडतो.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग केले होते. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती वेळानं किती विसरलो ते मोजायचं. १८८५ साली त्यानं ते छापलं. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सगळ्यात जास्त असतो, नंतर तो मंदावतो. म्हणून उजळणी विसरण्याच्या काठावर करायची: आज, उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं १९७० च्या दशकात यासाठी डबे सुचवले. पत्रिकेच्या कागदाचे तुकडे कापून चिठ्ठ्या कर, लग्नसराईनंतर घरोघरी पत्रिका पडलेल्या असतात. चिठ्ठी आठवली की ती पुढच्या डब्यात, तो डबा उशिरा उघडायचा. नाही आठवली की परत पहिल्यात. आजची ॲप हेच करतात, फक्त डबे दिसत नाहीत.

पण चिठ्ठीवर काय लिहायचं, हा जास्त मोठा मुद्दा आहे. तू पत्रात नमुन्यादाखल शब्द दिलेस: ‘युबिक्विटस’, ‘ऑबफस्केट’, ‘क्वागमायर’. पेपरवाल्यांनी अग्रलेखात टाकलेले हे शब्द परीक्षेच्या एखाद्या गुणापुरते ठेव. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक बंगालात, ढाक्याला बरीच वर्षं होते. तिथल्या मुलांना इंग्रजी पुस्तकं का जड जातात याचा शोध घेता घेता ते शब्दांच्या मोजदादीकडे वळले. त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी १९५३ साली आली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग अशा दोनेक हजार शब्दकुळांत (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) बसतो, आणि बोलण्यात तर त्याहून जास्त. ‘गेट’, ‘टेक’, ‘टर्न’, ‘कीप’, ‘रन’ ही पोरं त्या यादीतली. ती आपल्याला ‘येतात’ असं वाटतं, आणि खरा घोळ तिथेच आहे. ‘रन आउट ऑफ’, ‘टर्न डाउन’, ‘कीप अप विथ’ यांपैकी किती तू गेल्या आठवड्यात वापरलेस?

म्हणून चिठ्ठीवर सुटा शब्द लिहू नकोस, त्याचा सोबती लिही. मराठीत चहा कडक, ऊन कडक, शिस्तही कडक. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’ आणि ऊन वेगळंच. पाऊस आपल्याकडे जोराचा, त्यांच्याकडे ‘हेवी’. हे कुठल्या नियमात बसत नाही, जोडीनंच लक्षात ठेवावं लागतं. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी. वाक्य तुझ्या दिवसातलं असू दे: ‘अभ्यासिकेतला पंखा बंद पडलाय’, ‘माझे सुटे पैसे संपले’. अभ्यासिकेतून निघून बस येईपर्यंत मराठी बाजू बघायची आणि इंग्रजी मोठ्यानं म्हणायचं. आजूबाजूचे बघतील. बघू देत, आपल्या नाशिकच्या स्टँडवर माणसं याहून चमत्कारिक गोष्टी करतात.

रोज दहा शब्द फार होतात. चार कर. आणि इंग्रजी-इंग्रजी कोश वापर, पण शिकणाऱ्यांसाठी केलेला. अशा काही कोशांत अर्थ सांगायला सुमारे २,००० साधेच शब्द वापरलेले असतात, त्यामुळे एक शब्द बघायला गेलं की चार साधे शब्द फुकटात घोटले जातात.

प्रश्न : मुलगा इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे. पालक सभेत बाकीच्या आया इंग्रजीत बोलतात. मी बोलायला लागले की मुलगा माझा पदर ओढतो आणि म्हणतो, ‘मम्मी, तू नको बोलू, तू शी डोन्ट म्हणतेस.’ मी बी.कॉम. झालेली आहे. खूप लागतं मनाला.
— एक गृहिणी, इंदिरानगर

उत्तर : पहिली गोष्ट, नाशिकच्या शाळेतल्या बाईंशी मराठीत बोलायला परवानगी लागत नाही. त्याही घरी जाऊन मराठीतच भाजी चिरतात. मुलाच्या तब्येतीचं, अभ्यासाचं, मारामारीचं नीट सांगायचं असेल तर बेधडक मराठीत सांगा. अर्धवट इंग्रजीत सांगितलेली महत्त्वाची गोष्ट अर्धवटच पोचते.

दुसरी गोष्ट, ‘शी डोन्ट’. १९७४ साली डुले आणि बर्ट या दोघींनी इंग्रजी शिकणारी मुलं तपासली, काही स्पॅनिश बोलणाऱ्या घरातली, काही चिनी. घरची भाषा वेगळी असूनही व्याकरणाचे तुकडे जवळपास एकाच क्रमानं जमत गेले, आणि तो ‘शी’-‘ही’च्या पुढच्या क्रियापदाचा ‘एस’ दोघांकडेही उशिरा जमणाऱ्यांत होता. म्हणजे हा सगळ्या जगाचा अडलेला घास आहे, तुमच्या एकटीचा नाही. तुमच्या पिढीला तर इंग्रजी पाचवीत भेटलं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. मुलाला इंग्रजी बालवाडीत मिळालं, तुम्हाला कितीतरी उशिरा. त्यात त्याची हुशारी नाही आणि तुमचा कमीपणा नाही.

तरीही तुम्हाला स्वतःसाठी इंग्रजी हवं असेल, आणि पत्राच्या सुरावरून ते हवंय असं दिसतं, तर पदर ओढणाऱ्यालाच कामाला लावा. त्याची पहिली-दुसरीची इंग्रजी पुस्तकं अजून घरात असतील. रोज रात्री एक पान तुम्ही मोठ्यानं वाचायचं, तो ऐकणार. तो चूक काढेल. काढू द्या, पण अट घाला: पान संपल्यावर, आणि एकच. मुलांना मास्तर व्हायला फार आवडतं. नंतर तो ओरडेनासा होतो, कारण आता तुम्ही त्याची शिष्या असता आणि शिष्येची लाज त्याला स्वतःच्या अंगावर येते.

दुसरं, सोसायटीत तुमच्यासारखीच आणखी एक बाई शोधा. असतेच. दोघींनी रोज एकमेकींना व्हॉट्सॲपवर एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा, इंग्रजीत: आज काय झालं, डब्यात काय दिलं, नळाला पाणी किती वाजता आलं. समोरच्या बाईनं उत्तर द्यायचं, दुरुस्ती करायची नाही. समोर चेहरा नसतो, त्यामुळे अर्धी भीती तिथेच जाते. पाठवण्याआधी पुसून परत बोलता येतं, आणि त्या खटपटीत दोन-तीन वेळा सराव आपसूक होतो. वाचायला पुस्तकं लागली तर टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासून. इंग्रजी पुस्तकाचं जाड कपाट बघून दबू नका, किशोर वाचकांसाठीचं पातळ पुस्तक उचला.

प्रश्न : ‘साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असा फलक कॉलेज रोडला पाहिला. क्लास लावू का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : फलक बघून लावू नका, एक तास फुकट बसून बघा आणि गणित करा. बॅचमध्ये चाळीस मुलं, तास साठ मिनिटांचा, त्यातली चाळीस मिनिटं सर बोलतात. उरली वीस. तुमच्या वाट्याला आलं अर्धं मिनिट. साठ दिवसांचं झालं अर्धा तास. तेवढं तर तुम्ही रिक्षात बसून फोनवर बोलाल. बॅच दहाच्या आतली असेल, मुलं जोड्या करून बोलत असतील आणि सर गप्प बसून ऐकत असतील, तर फी द्यायला हरकत नाही. ‘फाडफाड’ हा शब्द मला कधीच आवडला नाही, भाषा काय कापड आहे?

प्रश्न : मी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत पाहुण्यांना माहिती देते. मुंबईचे, कधी परदेशी पाहुणे असतात. वाक्यं सगळी येतात, पण लोक ‘पार्डन?’ म्हणतात. अमेरिकन उच्चार शिकू का?
— एक तरुणी, गोवर्धन

उत्तर : कृपा कर आणि तसं काही करू नकोस. दोन आठवडे तो उच्चार टिकतो, नंतर घसरतो आणि ऐकणाऱ्याला नाटक कळतं. तुझी अडचण दोन ठिकाणी असणार.

एक, आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला सारखं माप देतो. इंग्रज कान मात्र एका अक्षरावरच्या ठोक्यानं शब्द ओळखतो. ‘व्हरायटी’मध्ये ठोका ‘राय’वर, ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर, ‘हॉटेल’मध्ये ‘टेल’वर. शेवटी ‘शन’ असलेल्या शब्दांचा नियम सोपा: ठोका ‘शन’च्या लगेच आधी. ‘फर्मेन्टेशन’मध्ये ‘टे’, ‘प्रॉडक्शन’मध्ये ‘डक’. जिथे ठोका नाही तो स्वर गिळायचा. ‘कम्फर्टेबल’ चारऐवजी तीनच अक्षरांत म्हणतात, मधला भाग जवळजवळ गायब.

दोन, तुझ्या धंद्यातला नेमका शब्द: ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’. पहिली पेल्यातली, दुसरी मांडवावरची. लिहिताना आपण फरक करतो, म्हणताना दोन्ही एकाच जागेवरून काढतो. ‘वाइन’ला ओठ शिट्टी मारताना करतो तसे गोल, दात खालच्या ओठाला लागता कामा नयेत. ‘व्हाइन’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि आवाज घोंघावू द्यायचा. आरशासमोर कर, कानापेक्षा डोळ्यांना लवकर कळतं. आणि बागेला ‘वाइनयार्ड’ म्हणत असशील तर आजपासून बंद. तो ‘व्हिन्यर्ड’ आहे. ‘वाइनयार्ड’ म्हणणारे मॅनेजर मी ऐकलेत, म्हणून म्हटलं.

प्रश्न : माझी पिंपळगावजवळ द्राक्षबाग आहे. माल युरोपला जातो. सीझनला निर्यातदार परदेशी खरेदीदाराला बागेत आणतात. आतापर्यंत मुलगा बोलायचा, तो पुण्याला नोकरीला गेला. माझं शिक्षण नववी. या वयात दोन शब्द बोलता येतील का, की हसं होईल?
— एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, सगळ्या पत्रांत सोपं काम तुमचं आहे. खरेदीदार बागेत येतो तो साहित्यावर बोलायला येत नाही. तो घड उचलतो, मण्याचं माप घेतो, साखर बघतो आणि शेवटची फवारणी कधी, काढणी कधी ते विचारतो. ‘बेरी साइज’, ‘ब्रिक्स’ (साखरेचं माप), ‘स्प्रे’, ‘रेसिड्यू’ (फवारणीचा मागे राहिलेला अंश), ‘पॅकहाउस’ हे तुम्ही रोज बोलता. ‘डावण्या’ तर आपल्या लोकांनी ‘डाउनी’वरूनच उचललाय. फक्त भुरीला ‘पावडरी मिल्ड्यू’ म्हणतात तेवढं लक्षात ठेवा.

तुमची खरी गाठ पडेल आकड्यांशी. सगळा वेळ त्यावर घाला, कारण शब्द चुकला तर हसू येतं, आकडा चुकला तर पैसे जातात.

आपण ‘पंचवीस’मध्ये पाच आधी म्हणतो, ते वीस आधी म्हणतात: ‘ट्वेंटी फाइव्ह’. ‘एकोणतीस’ म्हणजे आपल्या डोक्यात तीसला एक कमी, त्यांच्याकडे सरळ ‘ट्वेंटी नाइन’. घाईत तोंडातून ‘थर्टी नाइन’ निघतं, हे मी भल्याभल्यांचं ऐकलंय. ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’ यांना त्यांच्याकडे सुटसुटीत शब्द नाहीत. ‘वन पॉइंट फाइव्ह’, ‘टू पॉइंट फाइव्ह’, ‘वन पॉइंट सेव्हन फाइव्ह’ असं सरळ दशांशात बोला. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत कायम घोळ होतो. पंधरा म्हणायचं असेल तर शेवटचा ‘टीन’ लांबवा, पन्नास असेल तर पहिल्या ‘फिफ्’वर जोर देऊन शेवट तोडा. तरी शंका आली तर ‘वन-फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह-झीरो’ म्हणा, विमानतळावरची माणसंही असंच करतात. लाख-कोटी त्याला कळणार नाहीत: दहा लाख म्हणजे ‘वन मिलियन’. आणि एकर विचारणार नाही, हेक्टर विचारेल. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, तेव्हा पाच एकराची बाग ‘टू हेक्टर्स’ झाली.

वाक्यं लागतील ती अशी. ‘दिस इज थॉमसन’ (ही द्राक्षाची जात). ‘बेरी साइज एटीन मिलिमीटर.’ ‘लास्ट स्प्रे, टेन्थ जानेवारी.’ ‘लॅब रिपोर्ट इज रेडी.’ ‘हार्वेस्ट नेक्स्ट वीक.’ ‘प्लीज टेस्ट.’ यातल्या निम्म्यांना क्रियापद नाही. नसू दे. खरेदीदारही बहुधा डच किंवा जर्मन असेल, इंग्रजी त्याचीही शिकलेलीच भाषा आहे. तोही साधंच बोलतो, आणि साध्या बोलणाऱ्याशी त्याला बरं वाटतं. तो भरभर बोलायला लागला तर हात थोडा वर करून म्हणा, ‘स्लोली, प्लीज.’ आकडा असेल तर खिशातला पेन पुढे करा आणि म्हणा, ‘प्लीज राइट.’ सौद्याचा दर तर लिहूनच घ्या, तो मराठी व्यापाऱ्याकडूनही लिहूनच घेतलेला बरा.

सराव मुलाबरोबर करा, रोज संध्याकाळी फोनवर. तो खरेदीदार, तुम्ही बागायतदार. त्यानं आकडे विचारायचे, तुम्ही सांगायचे, आणि उलटही. छाटणीनंतर आत्ता सुरुवात केलीत तर काढणीपर्यंत भरपूर वेळ आहे. यंदा बागेत जो कुणी येईल त्यानं काय काय विचारलं ते पत्रानं कळवा. तुमच्या शेजारच्या बागायतदारांनाही तेच विचारलं जाणार आहे, त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या खेपेला इथेच देईन.